मुलांना डिजिटल रुपया वाटायचा असेल तर आधी खाणावळ गाठा

अंबाजोगाईच्या सरांचा प्रश्न थोडक्यात असा: माजी विद्यार्थ्यांनी सव्वा लाख रुपये देऊ केलेत. त्यातून ३०० मुलांना डिजिटल चलन द्यायचं आणि त्याचा वापर रुजवायचा. बिटकॉइन द्यावं की रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया, एकरकमी की हप्त्याने, आणि वाटलेले पैसे संपल्यावर कोणी ते वापरेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. नुसते पैसे वाटले तर वापर टिकत नाही, हे बऱ्याच ठिकाणी दिसून आलंय. एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन अधिकृत केलं आणि सरकारी वॉलेट घेणाऱ्या प्रत्येकाला ३० डॉलर दिले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी पाहणी केली, तेव्हा वापरकर्त्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी ती रक्कम खर्चल्यावर एकही व्यवहार केला नव्हता. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये डिजिटल रुपयाचे दिवसाला १० लाख व्यवहार झाले, कारण बँकांनी सवलती दिल्या आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भत्त्याचा काही भाग त्यातच जमा केला. तो रेटा ओसरल्यावर २०२४ च्या मध्यात आकडा दिवसाला सुमारे एक लाखावर आल्याच्या बातम्या होत्या. त्यामुळे तुमच्या सव्वा लाखापेक्षा तुमच्या आवाराभोवतीची सात-आठ दुकानं जास्त महत्त्वाची आहेत.

बिटकॉइनचं उत्तर सरळ आहे: नको. अमेरिकेत एमआयटीमध्ये २०१४ साली जेरेमी रुबिन आणि डॅन एलित्झर या दोन विद्यार्थ्यांनी ५ लाख डॉलर उभे केले आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला १०० डॉलरचं बिटकॉइन देऊ केलं. सुमारे साडेचार हजारांपैकी ३,१०८ जणांनी नाव नोंदवलं. तिथला कायदा वेगळा आणि हेतूही वेगळा, विद्यार्थी ते कसं हाताळतात हे बघण्याचा. आपल्याकडे अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तोटा दुसरीकडे वजा करता येत नाही आणि ठराविक मर्यादेपुढे १ टक्का टीडीएस कापला जातो. मुलाने बिटकॉइन देऊन चहा घेतला तरी कायद्याच्या नजरेत ते हस्तांतरण, म्हणजे प्रत्येक चहाचा हिशोब ठेवणं आलं. शिवाय भाव वर-खाली होतो, म्हणून मुलं ते खर्च करण्याऐवजी धरून बसतात. तुम्हाला वापर शिकवायचाय आणि ती शिकतील सट्टा.

डिजिटल रुपया म्हणजे रिझर्व्ह बँकेचंच चलन. सामान्यांसाठीचा प्रायोगिक वापर १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि मार्च २०२५ पर्यंत १७ बँका व ६० लाख वापरकर्ते त्यात आले होते. त्यावर व्याज मिळत नाही, भाव बदलत नाही, आभासी मालमत्तेचा करही नाही. विद्यार्थ्याला मिळालेले चारशे रुपये ही भेट धरली तरी वर्षाला एकूण ५० हजारांपर्यंतच्या भेटी करमुक्त असतात, तेव्हा तिकडून काळजी नाही. एक घोळ मात्र आत्ताच टाळा. 'ई-रुपी' नावाची वेगळी सोय ऑगस्ट २०२१ मध्ये आली. ते ठराविक कामासाठीचं व्हाउचर आहे, चलन नव्हे. बँकेला पत्र लिहिताना 'रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया, किरकोळ वापराचा' असं स्पष्ट लिहा, नाहीतर शाखेतून हमखास व्हाउचरची माहिती हाती पडते.

मुलं पहिल्याच दिवशी विचारतील, 'सर, फोनपे आहे की, मग हे कशाला?' याला गुळगुळीत उत्तर देऊ नका. दुकानातल्या एका व्यवहारापुरतं बघितलं तर यूपीआय हेच काम करतं. फरक असा की डिजिटल रुपया खात्यात नसतो, पाकिटातल्या नोटांसारखा वॉलेटमध्ये असतो. महिन्याला दोन हजार रुपये वॉलेटमध्ये घेतले की पासबुकात एकच नोंद पडते आणि चहा, झेरॉक्स, वडापावच्या साठ नोंदी टळतात. दुसरं म्हणजे महिन्याचा खर्च आधीच वेगळा काढून ठेवायची सवय लागते. बाहेर रूम करून राहणाऱ्या मुलांना ही दुसरी गोष्ट लगेच पटते. इंटरनेटशिवाय चालण्याची सोय अजून सगळीकडे मिळत नाही, तिचं आश्वासन देऊ नका.

आता कामाला लागू. पैसे वाटण्याच्या तीन आठवडे आधी दुकानांची फेरी करा. मुलं रोज पैसे देतात अशा जागा घ्या: दोन खाणावळी, कॅन्टीन, झेरॉक्सची दोन दुकानं, चहाची टपरी, स्टेशनरी, आणि मुलींच्या वसतिगृहाजवळचं किराणा दुकान. डिजिटल रुपयाच्या ॲपमधून यूपीआयचा क्यूआर स्कॅन करता येतो आणि पैसे दुकानदाराच्या खात्यात जातात, म्हणून त्याला वेगळं ॲप घ्यावं लागत नाही. पण ही सोय व्यापारी क्यूआरसाठी आहे. खाणावळवाल्या मावशींनी भिंतीवर लावलेला क्यूआर बहुधा मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावाचा वैयक्तिक असतो आणि गाडी तिथेच अडते. प्रत्येक दुकानात आपल्या वॉलेटमधून एक रुपया पाठवून बघा. अडलं तर मावशींना व्यापारी क्यूआर काढून द्यायला स्वतः मदत करा. ते काम एका दिवसात होत नाही, तीन आठवडे म्हणतोय ते त्यासाठीच.

यात एक मर्यादा समजून घ्या. यूपीआय क्यूआरवर दिलेला डिजिटल रुपया दुकानदाराच्या खात्यात साधा पैसा होऊन पडतो, तिथे त्याचा प्रवास संपतो. दोन-तीन दुकानदारांनी स्वतः वॉलेट घेतलं आणि मावशींनी किराणावाल्याला त्यातूनच पैसे दिले, तरच तो हातोहात फिरतो. सगळ्यांकडून ही अपेक्षा ठेवू नका. पण किराणावाला आणि खाणावळ यांची एक जोडी जमली तर मुलांना दाखवायला तेवढं पुरे.

बँक निवडताना आधी मुलांची खाती कुठे आहेत ते मोजा. ग्रामीण भागातून येणाऱ्या बऱ्याच मुलांचं खातं ग्रामीण बँकेत किंवा जिल्हा मध्यवर्ती बँकेत असतं, तर डिजिटल रुपयाचं ॲप ठराविक बँकाच देतात. स्टेट बँक पहिल्या टप्प्यापासून त्यात आहे आणि शिष्यवृत्तीसाठी अनेकांची खाती तिथेच निघालेली असतात, म्हणून सुरुवात तिथून करा. शाखेतल्या साहेबांना माहिती नसेल तर विभागीय कार्यालयातल्या डिजिटल बँकिंगच्या अधिकाऱ्याचं नाव मागा. पत्रात तीनच गोष्टी विचारा: संस्थेच्या खात्यातून थेट वॉलेटमध्ये पैसे टाकता येतील का, वॉलेटची मर्यादा किती, आणि नोंदणीच्या दिवशी एक माणूस पाठवाल का. थेट टाकता येत नसेल तर रक्कम मुलाच्या खात्यात द्या आणि वॉलेटमध्ये तो स्वतः घेईल. उलट ते बरंच, कारण पैसे भरायची पायरी त्याच्या हाताखालून जाते.

नोंदणीत काय बिघडतं ते सविस्तर सांगतो, कारण योजना इथेच कोलमडते. ॲप खात्याला जोडलेल्या नंबरवरूनच एसएमएस पाठवून फोनची ओळख पटवतं. गावाकडच्या मुलांच्या खात्याला वडिलांचा किंवा मामाचा नंबर जोडलेला असतो आणि ते सिम धारूर-केजकडच्या एखाद्या गावात असतं. अशा मुलांची यादी आधीच काढा आणि बँकेत नंबर बदलण्याचा अर्ज एकगठ्ठा द्या. घरच्यांना आधी कळवायला सांगा, कारण शिष्यवृत्तीचे मेसेज मग त्यांच्या फोनवर येणार नाहीत. दुसरी अडचण रिचार्जची. पॅक संपलेला असेल किंवा फक्त डेटाचा असेल तर एसएमएस जात नाही आणि ॲप नुसतं फिरत राहतं. तिसरी, दोन सिमच्या फोनमध्ये चुकीचं सिम निवडलं जातं. चौथी, पहिल्या वर्षाची काही मुलं अजून १८ ची झालेली नसतात आणि त्यांचं खातं अल्पवयीन म्हणून उघडलेलं असतं. पाचवी, फोनमध्ये जागा नसते. हे सगळं नोंदणीच्या दिवशी कळलं तर रांग मोडते आणि मुलं परत येत नाहीत. आदल्या आठवड्यात वर्गावर्गात पाच प्रश्नांचा कागद फिरवा.

स्मार्टफोन नसलेल्या किंवा खात्याचं जमत नसलेल्या मुलांना तेवढ्याच रकमेची कॅन्टीनची कुपनं द्या. हे मी आग्रहाने सांगतो. माजी विद्यार्थ्यांचे पैसे सगळ्यांचे आहेत. ज्याच्याकडे चांगला फोन त्यालाच मदत, असं होता कामा नये.

रकमेचा हिशोब: माणशी ४०० रुपये, तीन हप्ते. वॉलेट सुरू झालं की त्याच दिवशी १००. तिसऱ्या आठवड्यात १५०, अट एवढीच की दोन वेगळ्या दुकानांत खर्च झालेला असावा. सहाव्या आठवड्यात १५०, पण त्याआधी मुलाने स्वतःचे किमान १०० रुपये वॉलेटमध्ये भरलेले हवेत. ३०० मुलांचे झाले १,२०,०००. दर २५ मुलांमागे एक मदतनीस विद्यार्थी, म्हणजे १२ जण. प्रत्येकी ४०० मानधन धरलं तर ४,८०० आणि एकूण १,२४,८००. सव्वा लाखात बसतं. तिसरा हप्ता सगळे घेणार नाहीत, उरलेली रक्कम कुपनांकडे वळवा.

तिसऱ्या हप्त्याच्या अटीत एक सूट ठेवा. ज्यांची शिष्यवृत्ती रखडलीय त्यांच्याकडे स्वतःचे १०० रुपये मोकळे नसतात. पहिले १०० खाणावळीत गेले आणि पुढे काही भरलं नाही, यात त्या मुलाचं काही चुकलेलं नाही. अशांना अट न लावता हप्ता द्या आणि मोजणीत त्यांची नोंद वेगळी ठेवा.

वाटपाच्या क्रमाबद्दल एमआयटीचा एक धडा नेमका उपयोगाचा आहे. तिथे निम्म्या विद्यार्थ्यांना बिटकॉइन मुद्दाम दोन आठवडे उशिरा दिलं गेलं. क्रिस्टियन कॅटालिनी आणि कॅथरीन टकर यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, ज्यांनी सगळ्यांत आधी नाव नोंदवलं होतं त्यांनाच उशीर झाला तेव्हा त्यांच्यात पैसे काढून मोकळं होण्याचं प्रमाण वाढलं, आणि त्यांच्या वसतिगृहातल्या इतरांवरही त्याचा परिणाम दिसला. हौशी मुलाला आपलं वेगळेपण गेल्यासारखं वाटतं, असा त्यांचा अर्थ होता. म्हणून चिठ्ठ्या टाकून किंवा रोल नंबरच्या क्रमाने वाटू नका, आणि प्रमुख पाहुण्यांच्या तारखेसाठी सगळ्यांना थांबवूनही ठेवू नका. पहिल्या दिवशी जो येईल त्याला पहिल्या दिवशी द्या. मदतनीस याच मुलांतून निवडा.

फॉर्मवर नाव, रोल नंबर, बँक आणि मोबाइल एवढंच घ्या. मित्रांचे नंबर, घरचं उत्पन्न, ॲपचे स्क्रीनशॉट मागू नका. त्याच एमआयटीत एका पिझ्झाच्या मोबदल्यात अनेकांनी मित्रांचे ईमेल देऊन टाकले होते. मुलं नाही म्हणणार नाहीत, म्हणून आपणच मागायचं नाही. अट पूर्ण झाली का हे बघायला मुलाने मदतनिसासमोर ॲपमधली नोंद नुसती दाखवली तरी भागतं.

'फुकट डिजिटल रुपया मिळतोय' ही बातमी फुटली की व्हॉट्सॲपवर खोट्या लिंका आणि एपीके फाइली (थेट फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या) फिरणारच. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून, बँकेचं नाव तपासून घ्यायचं आणि पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, ही दोन वाक्यं सूचना फलकावर मोठ्या अक्षरात लावा आणि प्रत्येक वर्गात तोंडी सांगा. फोन हरवला तर तेच सिम पुन्हा काढून नव्या फोनमध्ये वॉलेट परत मिळवता येतं, हेही सांगून ठेवा.

यश मोजताना किती जणांनी ॲप घेतलं हा आकडा बाजूला ठेवा, पाहुण्यांच्या भाषणापलीकडे त्याचा उपयोग नाही. दहाव्या आठवड्यात, तुमचे पैसे संपून महिना झाल्यावर, किती मुलांनी स्वतःचे पैसे भरून किमान तीन व्यवहार केले ते मोजा. ३०० पैकी ४० निघाले तरी वाईट नाही. मग त्या ४० जणांना विचारा की ते कुठल्या दुकानात वापरतात. पुढच्या वर्षीचा निधी आला तर आधी त्या दुकानांसारखी आणखी दुकानं जोडा आणि वाटप कमी करा.

सुरुवात ऑगस्टच्या मध्याला करा. प्रवेश संपलेले असतात, खाणावळी ठरलेल्या असतात आणि दहा आठवडे ऑक्टोबरच्या अखेरीस भरतात. ज्या वर्षी दिवाळी लवकर येते त्या वर्षी आठवडाभर आधी निघा, कारण सुट्टीला गावी गेलेली मुलं परत येईपर्यंत तिसऱ्या हप्त्याचा मेळ बसत नाही.