हातगाडीची जागा नोटरी करून विकत मिळत नाही

नगरपालिकेच्या परवाना विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झालो, पण छोट्या धंदेवाल्यांचे तेच प्रश्न अजून येतात आणि बहुतेकांची सुरुवात ‘कुणीतरी सांगितलं की…’ अशीच असते. या वेळची पाच पत्रं.

प्रश्न: धंदा सुरू करायला नगरपालिका कर्ज देते का?

उत्तर: नाही. ती शिफारस करते, पैसे बँक देते.

प्रश्न: पीएम स्वनिधीचे पहिले 10 हजार फेडले. आता एकदम 50 हजार काढून देतो म्हणून एजंट दोन हजार मागतोय. देऊ का?

उत्तर: त्याला चहासुद्धा पाजू नका. 2020 साली फेरीवाल्यांना कर्ज देणारी ही केंद्राची योजना आली तेव्हा टप्पे 10, 20 आणि 50 हजारांचे होते. 2025 मध्ये पहिला 15 आणि दुसरा 25 हजार झाला, तिसरा 50 हजारांवरच राहिला. एक टप्पा फेडला की पुढचा, मधला गाळून उडी नाही. तारण लागत नाही आणि हप्ते वेळेवर गेले तर व्याजावर 7 टक्के अनुदान मिळतं. आधी पहिलं कर्जखातं बंद झाल्याची नोंद आहे का, ते शाखेत जाऊन पाहा. मग नगरपालिकेत ही योजना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटा.

प्रश्न: स्टँडसमोर वडापावची गाडी लावणारे एक काका गावी परत चाललेत. विक्री प्रमाणपत्रासकट (रस्त्यावर धंदा करण्याचा नगरपालिकेचा परवाना) जागा 80 हजारांत द्यायला तयार आहेत. नोटरीही करून देतो म्हणतात.

उत्तर: घेऊ नका. या एका कागदापायी लोकांचे पैसे बुडताना मी इतक्यांदा पाहिलंय की इथं जरा लांबण लावणार आहे. एक बाई असाच स्टॅम्प पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आल्या होत्या. ‘सदर जागा कायमस्वरूपी ताब्यात दिली असे,’ खाली दोन साक्षीदार, नोटरीचा लाल गोल शिक्का. मंगळसूत्र गहाण टाकून त्यांनी ही ‘जागा’ घेतली होती. नोटरी सही कुणाची ते पाहतो, रस्ता कुणाचा ते नाही! देणाऱ्याच्या मालकीची तिथं एक फरशीही नव्हती.

पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा याबाबत स्वच्छ आहे. प्रमाणपत्र घेतानाच विक्रेता लिहून देतो की धंदा मी स्वतः किंवा माझं कुटुंब करेल, उपजीविकेचं दुसरं साधन नाही आणि प्रमाणपत्र कुणाला देणार नाही, भाड्यानेसुद्धा नाही. विक्रेता वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला तर पती-पत्नी, नाहीतर अवलंबून असलेलं मूल मुदत संपेपर्यंत तिथं बसू शकतं. तुम्ही काकांचे कोण? उद्या तपासणीत गाडीवर तुम्ही दिसलात तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. काका गावी, 80 हजार त्यांच्याबरोबर.

सरळ वाट आहे, फक्त वेळखाऊ आहे. पाच वर्षांतून एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. किती गावांत ते वेळेवर झालं हे मला विचारू नका, रक्तदाब वाढतो. मधल्या काळातही नवीन माणसाला अर्ज करता येतो, जागेची क्षमता पाहून निर्णय होतो. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असतात, त्यांच्यापैकी कुणाला तरी गाठा. एकदा प्रमाणपत्र तुमच्या नावावर आलं की त्याचा जोर कळतो. 30 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय उठवता येत नाही. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते, आणि मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. हे संरक्षण नोटरीच्या कागदाला नाही. पैसे देऊन बसला असाल तर आजच वकील गाठा.

प्रश्न: राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे, कर व्यापारी दराने भरतो. म्हणजे दुकान अधिकृत झालं ना?

उत्तर: नाही. कराच्या बिलावरची बारीक अक्षरातली टीप कुणी वाचतच नाही: कर आकारला म्हणून बांधकाम वा वापर नियमित ठरत नाही. वापर बदलायला नगररचना विभागाची परवानगी लागते. शटर बसवण्याआधी परवानाधारक वास्तुविशारदाला नकाशा दाखवा.

जाता जाता, याच पत्रात विचारलंय म्हणून: गुमास्ता (दुकानाची नोंदणी) आणि उद्यम (लघुउद्योग म्हणून नोंदणी) वेगळे. गुमास्ता कामगार खात्याकडे (मुंबईत महापालिकेकडे). उद्यम नोंदणी केंद्र सरकारची आणि पूर्ण मोफत. शुल्क मागणारं संकेतस्थळ दिसायला कितीही सरकारी असो, पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर बंद करा.

प्रश्न: परवान्याचा अर्ज देऊन तीन महिने झाले. दर वेळी ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हणतात.

उत्तर: पोच आहे का? तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून शंका येते. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेली असेल तर तिची मुदत ठरलेली असते आणि मुदत टळली की पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे करता येतं. सबळ कारणाशिवाय उशीर करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पण मुदत मोजायची कधीपासून? पोच नसेल तर उद्याच नवा अर्ज दोन प्रतींत न्या, आवक-जावकच्या टेबलावर द्या, आणि तुमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का पडेपर्यंत तिथून हलू नका.