फिजीच्या गावात यंगोना: किती घ्यावी, कशी घ्यावी, कोणी घेऊ नये

प्रश्न थोडक्यात असा: कामासाठी फिजीला जायचंय, तिथला सहकारी आपल्या गावी नेणार आहे आणि 'कावा प्यावा लागेल' असं त्याने आधीच बजावलंय. तो दारूसारखा चढतो का, यकृत खराब होतं हे खरं का, आणि येताना अर्धा किलो आणता येईल का?

आधी नावाचा घोळ मिटवू. हा काश्मिरी कहवा नव्हे आणि गनिमी कावा तर नव्हेच. पायपर मेथिस्टिकम नावाच्या झुडपाचं हे मूळ. मिरी, पिंपळी आणि विड्याच्या पानाची वेल याच पायपर कुळातल्या. कावाचं हृदयाच्या आकाराचं पान पाहिलं की हे नातं लगेच पटतं. पॅसिफिकच्या बेटांवर याची नावं निराळी: टोंगात कावा, सामोआत आवा, पोनपेईत साकाऊ आणि फिजीत यंगोना. १८७९ ते १९१६ दरम्यान गिरमिटावर, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून, नेलेल्या भारतीयांचे वंशज तिथे सरळ 'ग्रॉग' म्हणतात आणि चवीने पितात.

दारूशी तुलना केली की फसगत होते. कावात मद्यार्क नसतो. काम करतात ती मुळातली कावालॅक्टोन्स नावाची रसायनं. त्यातल्या कावाइनमुळे पहिल्या घोटाबरोबर जीभ आणि ओठ बधिर होतात, लवंग दाढेखाली धरल्यासारखे. यात घाबरण्यासारखं काही नाही. साधारण १५ ते ३० मिनिटांनी खांदे सैल पडतात, बोलणं संथ होतं. डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर राहतं पण पाय जड होतात, आणि नवखा नेमका इथेच चुकतो: 'मला तर काहीच झालं नाही' म्हणत आणखी चार वाट्या घेतो आणि उठताना तोल जातो. जास्त झाली की मळमळ, उलटी, अंधुक किंवा दुहेरी दिसणं. डोकं साफ वाटलं तरी त्या रात्री गाडी चालवायची नाही. दुसऱ्या दिवशीच्या सुस्तीला फिजीत 'ग्रॉग-डोप' म्हणतात, एवढी ती नेहमीची आहे.

करायची रीत सोपी, पण तिच्यामागची कारणं ठाऊक हवीत. दोन नवख्यांना ३० ग्रॅम पूड आणि अर्धा लिटर पाणी पुरे. पूड मलमलीच्या फडक्यात बांधून कोमट पाण्यात ८-१० मिनिटं मळायची, पिळायची, पुन्हा मळायची. कावालॅक्टोन्स पाण्यात विरघळत नाहीत. मळल्यामुळे त्यांचे बारीक कण पाण्यात मिसळून तरंगतात. चहासारखी पूड नुसती भिजत ठेवली तर हाती फक्त मातकट पाणी लागतं. उकळतं पाणी नको: मुळात पिष्ट भरपूर असतं, साधारण ६० अंशांच्या पुढे त्याची खळ होते आणि फडक्यातून काही उतरत नाही. गाळलेलं दर वाटीआधी ढवळायचं, नाहीतर वरच्यांना पाणी आणि शेवटच्याला सगळा गाळ. त्याच दिवशी संपवायचं, राहिलेलं आंबतं. जेवणानंतर तीन-चार तासांनी प्यावी. भरल्या पोटी असर मंद होतो, मग माणूस प्रमाण वाढवत जातो.

बाजारात 'इन्स्टंट' म्हणजे गाळलेला रस सुकवलेली पूड, आणि 'मायक्रोनाइज्ड' म्हणजे अख्खं मूळ अतिबारीक दळून चोथ्यासकट प्यायचं. दुसऱ्या प्रकाराने बऱ्याच जणांचं पोट बिघडतं. पाकिटावर फिजीत 'वाका' लिहिलं असेल तर ती बाजूची मुळं, जास्त तेज. 'लेवेना' म्हणजे बुडखा, सौम्य. नवख्याने लेवेनाच घ्यावी.

आता यकृत. ही भीती हवेतली नाही, पण 'कावा चांगला की वाईट' हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते हे: झाडाचा कोणता भाग, कोणत्या द्रावकात काढलेला आणि सोबत काय घेतलेलं? युरोपात गाजलेल्या यकृतबिघाडाच्या घटना मुख्यतः ॲसिटोन किंवा मद्यार्कात काढलेल्या अर्काच्या गोळ्यांशी जोडलेल्या होत्या. झाडाच्या पानांत आणि खोडाच्या सालीत पायपरमेथिस्टिन नावाचं अल्कलॉइड असतं, ते पोटात जायला नको. शिवाय वाणांत 'नोबल' आणि 'टू-डे' असा भेद आहे. दुसऱ्याची मळमळ आणि सुस्ती दोन दिवस टिकते म्हणून हे नाव. पॅसिफिकमधल्या व्हानुआतू देशाने २००२ च्या कावा कायद्यात नोबल वाणांची यादीच केली. तेव्हा पाकिटावर नोबल, फक्त मूळ आणि देशाचं नाव, हे तिन्ही नसेल तर परत ठेवा. म्हणून पाण्यातली कावा पूर्ण निर्धोक असं मात्र नाही: रोज भरपूर पिणाऱ्यांच्या रक्तात जीजीटी हे यकृताच्या तपासणीत मोजलं जाणारं विकर वाढलेलं सापडतं, कातडी कोरडी पडून खवले सुटतात. खवले पिणं थांबवल्यावर जातात.

यकृताचा जुना आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं: यात अजिबात नको. क्षयाच्या औषधांवर असाल किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर नको, कारण यकृतावर भार आधीच आहे. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांबरोबर झोप धोकादायक वाढते. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्याचा कंप बळावू शकतो. दारू त्याच संध्याकाळी नाही. पिवळे डोळे, गडद लघवी, फिकट शौच किंवा अंगाला खाज दिसली तर थांबा आणि डॉक्टरांना कावाचं नाव स्पष्ट सांगा. अमेरिकेतल्या कावा बारमध्ये क्रॅटम मिसळलेली पेयं मिळतात. क्रॅटम हा दुसऱ्याच झाडाचा पाला, तो मेंदूतल्या ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय, ग्राहींवर काम करतो, सवय लावतो. ती वेगळीच वस्तू आहे, कावाच्या नावाखाली घेऊ नका.

गावातली रीत. रिकाम्या हाताने जायचं नाही: बाजारातून साधारण अर्धा किलो वाकाची जुडी घेऊन ती प्रमुखासमोर ठेवायची, याला सेवुसेवु म्हणतात. सहकारी तुमच्या वतीने बोलेल. टोपी आणि गॉगल काढा, गुडघे झाकलेले असू द्या, चटईवर मांडी घालून बसा, पाय तानोआकडे पसरू नका. तानोआ म्हणजे ते पायांचं लाकडी परात-भांडं. आपल्याकडे नारळाची वाटी, म्हणजे बिलो, आली की तळवे पोकळ ठेवून एक टाळी, 'बुला' म्हणायचं, एका दमात संपवायचं, वाटी परत देऊन तीन टाळ्या. घोट घोट पिणं अडाणीपणाचं दिसतं. नको असेल तर दुसऱ्या फेरीपासून 'लो टाइड' म्हणा, अर्धीच भरतात. 'हाय टाइड' म्हणजे काठोकाठ. औषधं चालू आहेत हे बसण्याआधीच सहकाऱ्याला सांगितलं तर ओठाला लावून परत देण्याची सोय तो करतो, कुणी रागावत नाही.

कायदा देशागणिक निराळा. ब्रिटनमध्ये २००२ च्या नियमांपासून खाद्य म्हणून विक्री बंद आहे. जर्मनीने २००२ मध्ये कावाच्या औषधांचे परवाने काढून घेतले, २०१४ मध्ये न्यायालयाने तो निर्णय फिरवला, २०१९ मध्ये ते पुन्हा काढून घेतले गेले. ऑस्ट्रेलियात प्रौढ प्रवाशाला सामानातून नेण्याची मर्यादा २०१९ च्या अखेरीस दोन किलोवरून चार किलो झाली आणि २०२१ च्या डिसेंबरपासून व्यापारी आयातही खुली झाली. सिडनीमार्गे परतत असाल तर तिथे कस्टमच्या फॉर्मवर 'वनस्पतिजन्य पदार्थ' पुढे 'होय' लिहा.

भारतात आणायचं म्हणाल तर बाहेरून येणारा वनस्पतिजन्य माल २००३ च्या प्लांट क्वारंटाईन आदेशाखाली येतो. बाजारातली सुटी मुळं, मातीसकट, कपड्यांत गुंडाळून आणणं म्हणजे जप्तीला आमंत्रण. आणायचीच तर निघण्याआधी क्वारंटाईन कार्यालयाला ईमेलने विचारा, उत्तर छापून जवळ ठेवा, सीलबंद पूड आणि पावती घेऊन रेड चॅनेलने, म्हणजे सामान जाहीर करण्याच्या रांगेतून, बाहेर या. तेवढा खटाटोप नको असेल तर तिथेच पिऊन या.