वाचकांचे प्रश्न: माईनक्राफ्टमध्ये बारामोटेची विहीर

प्रश्न (लिंब, ता. सातारा): आमच्या गावची बारामोटेची विहीर माईनक्राफ्ट या ठोकळे (ब्लॉक) रचायच्या संगणक-गेमच्या जावा आवृत्तीत, क्रिएटिव्ह मोडमध्ये (यात हवे तेवढे ब्लॉक मिळतात आणि उडता येतं) बांधतोय. अष्टकोन बसत नाही आणि तिरक्या बाजूला ब्लॉक लागतच नाही. काय करू?

उत्तर: विहिरीचा व्यास सुमारे ५० फूट, खोली ११० फूट सांगतात. गेममधला एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. तेव्हा रुंदी १५ आणि खोली ३३ ब्लॉक धरा. १५ बाय १५ च्या चौकोनात प्रत्येक बाजूच्या मधोमध ७ ब्लॉक लावा, आणि दोन बाजू जोडायला कोपऱ्यात तिरके ३. एका थराला ४० ब्लॉक लागतात. सरळ आणि तिरकी बाजू जवळजवळ सारखी भरते. एवढ्या रुंदीला याहून चांगला अष्टकोन बसत नाही.

ब्लॉक दुसऱ्या ब्लॉकच्या सपाट बाजूलाच चिकटतो, कोपऱ्याला नाही. तुमचं घोडं तिथेच अडलंय. शेजारी आधी मातीचा ब्लॉक लावा, त्याच्या बाजूला दगड लावा, मग माती फोडून टाका. ही उठाठेव फक्त खाली आधार नसेल तेव्हा; खड्ड्याच्या तळावर आणि आधीच्या थरावर ब्लॉक थेट बसतात. म्हणून खड्डा आधी पूर्ण खणा आणि बांधकाम तळातून वर आणा. कोपऱ्याला कोपरा लागलेल्या भिंतीतून पाणी बाहेर जात नाही, ती भीती सोडा.

मापासाठी एफ३ दाबा, तुम्ही उभे असलेल्या जागेचे आकडे पडद्यावर येतात. लॅपटॉपवर त्याने आवाज कमी-जास्त होत असेल, तर एफएन धरून एफ३. दशांशातले आकडे सोडून ‘ब्लॉक’ची ओळ वाचा. शून्याच्या पलीकडे −०.३ वर उभे असाल तर तो ब्लॉक −१ असतो. शून्य धरलात की भिंत एका ब्लॉकने सरकलीच.

प्रश्न (मिरज): शिफ्ट धरूनही कडेवरून खाली जातो. शिवाय मध्येच विंडोजची सूचना उघडते.

उत्तर: तुम्ही उडत असणार. उडताना शिफ्ट खाली उतरवतं. कडेवर अडवतं ते फक्त पायावर असताना. स्पेस पटकन दोनदा दाबून उडणं थांबवा. मात्र खाली अर्ध्याच ब्लॉकची पायरी असेल, तर शिफ्ट धरूनही माणूस उतरतो. ती सूचना ‘स्टिकी कीज’ची, शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की येते. विंडोजच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करा.

प्रश्न (वाई): घाटाच्या पायऱ्या उलट्या लागतात.

उत्तर: पायरीची उंच बाजू तुमच्यापासून लांब पडते. वरून खाली लावत आलात तर घाट उलटाच होणार. पाण्याच्या बाजूला उभं राहा, तोंड गावाकडे करा आणि लावा. शेजारच्या ब्लॉकच्या बाजूवर पडद्याच्या मधली अधिकच्या चिन्हाची निशाणी वरच्या अर्ध्यात असेल, तर पायरी पालथी बसते. ती खालच्या अर्ध्यात आणा.