अंधारातली देवाणघेवाण

प्रश्न : कृष्ण ऊर्जा आणि कृष्ण द्रव्य एकमेकांत बदलतात, असं वाचलं. त्याने विश्वाच्या प्रसरणात काय फरक पडेल?

उत्तर : प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा! कृष्ण द्रव्य म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य; कृष्ण ऊर्जा म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी अज्ञात ऊर्जा. माझ्या टेबलासमोर भिंतीवर दोन आकडे चिकटवलेत: ६७.४ आणि ७३. दोन्ही प्रसरणाच्या आजच्या वेगाचे, दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला किलोमीटरमध्ये. पहिला प्लँक उपग्रहाने टिपलेल्या, विश्वाच्या बालपणीच्या आदिप्रकाशावरून काढलेला, दुसरा सेफीड तारे (ठरावीक लयीत उजळणारे-मंदावणारे) आणि अतिनवताऱ्यांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून). ते जुळत नाहीत, आणि मला ते रोज खुपतं.

नेहमीच्या गणितात अंतरं दुप्पट झाली की द्रव्याची घनता एक अष्टमांश होते; कृष्ण ऊर्जेची तेवढीच राहते. दोघांत देवाणघेवाण असेल, तर द्रव्याची घनता एक अष्टमांशाहून थोडी कमी किंवा जास्त भरेल. मग प्रसरणाचा सगळा इतिहासच बदलतो, आणि ते दोन आकडे जवळ येऊ शकतात. पण दीर्घिकांचे पुंजके कसे जमले, तेही त्याच गणितातून निघायला हवं. खरी अडचण तिथे येते. ॲरिझोनातल्या किट पीकवर ५००० प्रकाशतंतूंचं, दीर्घिकांचा नकाशा काढणारं ‘डेसी’ उपकरण नेमकं हेच मोजतंय. कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असावी, असे संकेत त्यातून २०२४ आणि २०२५ मध्ये मिळाले. पुरावा म्हणण्याइतके ते पक्के नाहीत.