कुत्र्याच्या लीशसाठी चामड्याच्या पट्टीत सारख्या अंतरावर चिरा कशा पाडायच्या?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. १८ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड अशा दोन पट्ट्यांना तुम्ही लांबीच्या दिशेने चिरा पाडता, मग त्या आळीपाळीने एकमेकींच्या चिरांतून ओवून शिवण नसलेली लीश विणता. पहिल्या दहा-बारा चिरा जुळतात, पुढे जुळेनाशा होतात. वीण एका अंगाला झुकते. एका लीशची चीर टोकाशी फाटली. तुम्ही स्टीलची पट्टी ठेवून पेनाने खुणा करता आणि कटरने कापता. मशीन घ्यायचं नाही, आणि फाटलेली लीश वाचवता येईल का हेही विचारलंय.

मशीनशिवाय हे काम उत्तम होतं. मी स्वतः आजवर हातानेच करत आलो आहे. पण तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्या घेतो.

आधी अंतर सरकतं त्याबद्दल. तुम्ही २० मिमीची चीर आखता, १५ मिमी सोडता, पट्टी पुढे सरकवता आणि पुन्हा २० आखता. पट्टी सरकवताना दर वेळी पाव-अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, कितीही जपून केलं तरी. पेनाच्या टोकाची जाडीसुद्धा तेवढी असते. आता हिशेब बघा. दीड मीटरच्या पट्टीत अशा ४३ चिरा बसतात, म्हणजे मधल्या जागा ४२. प्रत्येक जागी अर्धा मिमी एकाच दिशेला चुकला तर शेवटी २१ मिमीचा फरक पडतो, म्हणजे एका आख्ख्या चिरेपेक्षा जास्त. सुरुवातीला हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तुमच्या दहा-बारा चिरा बऱ्या वाटतात.

यावर उपाय म्हणजे चीर आणि मधली जागा वेगवेगळी मोजणं बंद करायचं. एका चिरेच्या सुरुवातीपासून पुढच्या चिरेच्या सुरुवातीपर्यंत ३५ मिमी, हे एकच माप धरा. लांब टेप पट्टीशेजारी अंथरून दोन्ही टोकांना चिमट्याने घट्ट करा आणि एकाच शून्यापासून ०, ३५, ७०, १०५ अशा खुणा करत जा. टेप मधे हलवायचा नाही. मग एखादी खूण चुकली तर ती एकटीच चुकते, पुढच्यांना आपल्याबरोबर ओढत नाही. १५०० मिमीत ४३ चिरा घेतल्या तर त्या १४९० मिमी जागा घेतात (४२ गुणिले ३५ अधिक शेवटची २०). उरलेले १० मिमी दोन टोकांना ५-५ वाटून द्या. हा हिशेब कागदावर आधी करा, चामड्यावर नको.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. या विणीत ३५ म्हणजे काटेकोर ३५ असण्याची गरजच नसते. गरज असते ती दोन्ही पट्ट्या जुळ्या असण्याची. पहिल्या पट्टीची सातवी चीर सहावीपासून ३४.६ वर असेल आणि दुसरीचीही तिथेच असेल तर वीण सुंदर बसते. एकीची ३५.० आणि दुसरीची ३४.६ असेल तर तिथेच ओढ पडते. म्हणून खरं काम मोजण्याचं नाही, एकदा मोजलेलं माप जसंच्या तसं पुन्हा उमटवण्याचं आहे. हे लक्षात आलं तेव्हापासून मी प्रत्येक लीशसाठी मोजायचं सोडून साचा करायला लागलो.

साचा करण्याआधी चिरेच्या टोकांचं बघू, कारण साच्याची मापं त्यावर ठरतात. नुसती कापलेली चीर दोन्ही टोकांना सुईसारखी टोकदार संपते. कुत्र्याने जोरात ओढलं की सगळा ताण त्या टोकावर येतो आणि चामडं तिथून पुढे उलत जातं. तुमची चीर अशीच फाटली असणार. प्रत्येक टोकाला गोल पंचने २.५ मिमीचं भोक पाडलं की ताण त्या गोलाईभर पसरतो आणि चीर पुढे जात नाही. भोकाचा आणखी एक फायदा असा की कापताना पातं आपोआप तिथे थांबतं, त्यामुळे सगळ्या चिरा एकाच लांबीच्या होतात.

मात्र भोकं आली की मापात एक चूक हमखास होते. २० मिमीची चीर म्हणजे भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २० मिमी. भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर ते अंतर १७.५ यायला हवं. मध्यापासून मध्यापर्यंत २० धरलं तर चीर २२.५ची होते आणि मधला भरीव भाग १५ऐवजी १२.५च उरतो. तो भाग म्हणजेच लीशचा कणा, तिथे कंजुषी नको.

गंमत म्हणजे या मापांत (चीर २०, मधला भाग १५, भोक २.५) सगळ्या भोकांचे मध्य एकमेकांपासून बरोबर १७.५ मिमीवर येतात, चिरेच्या आतही आणि दोन चिरांच्या मधेही. म्हणजे पट्टीभर भोकांची एकच सरळ, समान रांग. एकूण ८६ भोकं. काम फार सोपं होतं, पण एक धोका आहे: भोकं सारखीच दिसतात, त्यामुळे चुकीची जोडी कापली जाऊ शकते. माझ्याकडून एकदा असं झालं आणि जवळजवळ पूर्ण झालेली पट्टी गेली. तेव्हापासून मी भोकं पाडून झाली की आधी मागच्या बाजूला, म्हणजे चामड्याच्या मऊ, तंतुमय बाजूला, कापायच्या प्रत्येक जोडीमधे पेन्सिलची एक रेघ मारतो आणि मगच पातं हातात घेतो.

आता साचा. पातळ पत्रा, ॲक्रिलिक किंवा जाड, कडक प्लास्टिक, काहीही चालेल. त्यावर एका सरळ रेषेत १७.५ मिमीच्या अंतराने चार बारीक छिद्रं पाडा, आरीचं (चामडं टोचायच्या अणकुचीदार हत्याराचं) टोक जेमतेम जाईल एवढीच. खालच्या बाजूला दोन्ही कडांना लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवा, त्यांच्यामधे तुमची १८ मिमीची पट्टी अडकून बसेल अशी. म्हणजे साचा पट्टीवर झाकणासारखा बसतो आणि डावी-उजवीकडे हलत नाही. छिद्रांची रांग दोन्ही लाकडी कडांपासून नेमकी ९ मिमीवर हवी. पहिल्या दोन चिरांसाठी चारही छिद्रांतून आरीने टोचा. मग साचा पुढे सरकवा, पहिली दोन छिद्रं शेवटच्या टोचलेल्या जोडीवर आणा, त्यात दोन सुया उभ्या खोचून साचा पक्का करा आणि पुढची दोन टोचा. असंच पुढे जात राहा. डोळ्यांना अंदाज घ्यावा लागत नाही, हाताला कळतं.

अशा सरकत्या साच्यातही सुई आणि छिद्र यांच्यात केसभर ढिलेपणा असतो आणि ४१ वेळा सरकवल्यावर तो साठू शकतो. म्हणून सुरुवातीलाच लांब टेपने ३५०, ७००, १०५० आणि १४०० मिमीवर पट्टीच्या मागच्या बाजूला खुणा करून ठेवतो. दर दहा चिरांनी साचा तिथे आला का बघायचं. नसेल तर तो फरक पुढच्या तीन-चार चिरांत वाटून टाकायचा, एकाच जागी भरून काढायचा नाही. आणि दुसरी पट्टी करताना साचा त्याच तोंडाने, त्याच टोकापासून सुरू करा. साच्यात काही खोट असेल तर ती दोघींत सारखीच उतरेल, मग ती खोट राहतच नाही.

वीण झुकण्याचं कारण मला अंतरात दिसत नाही. ते बहुतेक मध्यरेषेत असावं. चीर मधोमध नसेल तर तिच्या दोन बाजूंना उरलेल्या पट्ट्या सारख्या राहत नाहीत, एकीकडे ८ आणि दुसरीकडे १० मिमी. ओढल्यावर अरुंद बाजू आधी ताणली जाते आणि गाठ तिकडे वळते. एका चिरेत ते दिसत नाही, चाळीस चिरांत दिसतं. तुमची जुनी लीश काढून बघा, कटर नेहमी एकाच बाजूला घसरलेला आढळेल असं मला वाटतं. मध्य शोधायची साधी रीत अशी: कंपासपेटीतलं कर्कटक अंदाजे ९ मिमीवर उघडा आणि एक पाय पट्टीच्या कडेला टेकवून दुसऱ्याने हलकी टोच द्या. मग समोरच्या कडेवरून तसंच करा. दोन टोचा एकमेकींवर आल्या तर तोच मध्य, नाही तर मध्य त्या दोघींच्या बरोबर मधे. दोन टोचांमधलं अंतर पट्टीभर बदलत असेल तर पट्टीच कमी-जास्त रुंद कापली गेली आहे आणि साचाही तिच्यावर नीट बसणार नाही. पट्टी सरळ कापण्यात वेळ घालवला तर पुढचं सगळं सोपं जातं.

वरच्या बाजूला पूर्ण लांबीची मध्यरेषा मात्र ओरखडू नका. वनस्पतीजन्य कमावणीच्या चामड्यावर आरीचा ओरखडा कायमचा राहतो आणि चिरांच्या मधल्या भागावर तो दिसत राहतो. टोचा चालतात, त्या भोकात निघून जातात.

पंच मारताना आधी टोचेवर ठेवून नुसता दाबा. गोल ठसा उमटेल. टोच त्या गोलाच्या मधोमध असेल तरच मोगरी मारा. लोखंडी हातोडी नको, तिने पंचचं डोकं पसरतं. खाली जाड प्लास्टिकची फळी किंवा कठीण लाकूड असू द्या, त्यावर चामड्याचा एखादा टाकाऊ तुकडा. पंच त्यात रुततो आणि धार टिकते.

मग चिरा. कटरने ओढून कापलं की चामडं पात्याबरोबर पुढे सरकतं आणि चीर बारीक वळण घेते. त्यापेक्षा सरळ पात्याची छिन्नी दोन भोकांच्या मधे उभी धरा आणि एका फटक्यात आरपार करा. पातं साधारण १६ मिमी रुंद असेल तर ते दोन्ही भोकांत थोडं थोडं शिरून चीर पूर्ण करतं. सुताराची पटाशी वापरणार असाल तर तिला उतार एकाच बाजूने असतो हे ध्यानात ठेवा. ती कापताना सपाट बाजूकडे ढकलली जाते. दर वेळी उतार एकाच दिशेला ठेवलात तर निदान सगळ्या चिरा एकसारख्या येतील. दोन्हीकडून उतार असलेलं पातं त्याहून चांगलं. कटरच वापरायचा असेल तर एका भोकापासून मध्यापर्यंत आणि मग दुसऱ्या भोकापासून मध्यापर्यंत असा दोन वेळा कापा, म्हणजे पातं भोकाच्या पलीकडे घसरत नाही.

धारेबद्दल मी जरा आग्रही आहे. बोथट पातं चामडं कापत नाही, आधी दाबतं आणि मग फाडतं. त्यात पट्टी हलते आणि आपण दोष आखणीला देतो. लाकडावर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीला पॉलिशचा साबण चोळून ठेवा आणि दर दहा-बारा चिरांनी पातं त्यावर पाठीच्या दिशेने ओढा. तीस सेकंदांचं काम आहे.

चामडं कुठल्या भागाचं आहे याचाही परिणाम होतो. पाठीकडचं चामडं घट्ट आणि कमी ताणलं जाणारं, पोटाकडचं सैल. दोन्ही पट्ट्या पाठीच्या भागातून, शेजारी-शेजारी, त्याच दिशेने कापा. एक पाठीची आणि एक पोटाची असेल तर तुमची आखणी कितीही अचूक असली तरी आठवड्याभराच्या ओढाओढीत चिरा वेगळ्या होतील. कापलेली पट्टी आखण्याआधी दोन्ही हातांनी भागाभागाने जोरात ताणून घ्या, आणि आखणी कोरड्या चामड्यावरच करा. ओलं चामडं लांबतं आणि वाळल्यावर पुन्हा आखडतं. विणताना मात्र पट्टी किंचित ओलसर असलेली बरी, आणि मागच्या बाजूला थोडं मेण चोळा, कारण पट्टीची शेवटची टोकं चाळीसहून अधिक चिरांतून ओढली जाणार असतात.

विणल्यावर लांबी बरीच कमी होते. किती, ते चामड्याची जाडी आणि तुमचा हात यावर अवलंबून आहे, म्हणून माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. दहा चिरांचे दोन टाकाऊ तुकडे विणून पाहा, आधीची आणि नंतरची लांबी मोजा आणि त्या प्रमाणात पट्टी कापा. याच तुकड्यांवर २० मिमीची चीर तुमच्या पट्टीला पुरते का तेही कळेल. १८ मिमीची पट्टी तिच्यातून थोडा जोर लावून जायला हवी. सरसर गेली तर वीण सैल राहील, मग चीर एक मिमीने कमी करा. मधला भाग तेवढाच ठेवून ३५चे ३४ करा, आणि साचाही त्यानुसार बदला. तेव्हा भोकांची ती समान रांग राहणार नाही, चिरेच्या आत १६.५ आणि दोन चिरांच्या मधे १७.५ असं येईल.

राहिली फाटलेली लीश. टाके घालून किंवा चिकटवून ती कुत्र्याच्या गळपट्ट्याला पुन्हा लावू नका. ताण पुन्हा त्याच जागी येणार, आणि रस्त्यावर लीश तुटली तर कुत्रं सुटून गाडीखाली जाऊ शकतं. विणीतून दोन्ही पट्ट्या सोडवा आणि फाटलेला भाग दोन्हीकडून काही चिरा सोडून कापून टाका. उरलेल्या प्रत्येक चिरेची टोकं दोन्ही बाजूंना वाकवून उजेडात बघा. जी टोकं धड आहेत त्यांना आता भोकं पाडून घ्या, आणि त्या तुकड्याची गर्दीत कुत्र्याला जवळ धरायला लागते तशी हातभर लांबीची आखूड लीश विणा. एखाद्या टोकाशी बारीक भेग जरी दिसली तरी तो तुकडा पंच मारताना खाली ठेवायला वापरा.