फासे आणि डावपेच : चिलखत वार चुकवतं की घाव हलका करतं?

प्रश्न : आम्ही पाच जण नौपाड्यात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती २०१४ च्या नियमांनी खेळतो. चिलखत घातलं की वार लागतच नाही, हे दोघांच्या गळी उतरत नाही. वार लागावा, फक्त घाव हलका व्हावा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आर्मर क्लासऐवजी (वार लागायला हल्लेखोराने फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) डॅमेजमधून (वाराने होणारं नुकसान) ठरावीक आकडा वजा करायचा विचार आहे. कड्यांच्या चिलखताला ३ धरले तर चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ३ हा आकडा जवळपास बरोबर आहे. पण त्याने खेळ कुठे बदलतो, ते आधी बघून घ्या.

मूळ नियमात ‘मिस’ म्हणजे तलवार हवेत फिरली, एवढंच नसतं. कड्यांवरून घसरलेली तलवारही मिसच. गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) वर्णन तसं केलं, तर निम्मी तक्रार तिथेच मिटते. उरलेली आकड्यांची.

कड्यांच्या चिलखताचा आर्मर क्लास १६. हल्लेखोराचा बोनस +५ आणि डॅमेज १डी८+३ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ३) धरा, म्हणजे सरासरी ७.५. त्याला डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) ११ किंवा जास्त हवेत. निम्म्या वेळा वार लागतो आणि दर फेरीला सरासरी ३.७५ डॅमेज होतं. (क्रिटिकल, म्हणजे डी२० वर २० पडून डॅमेजचे दुप्पट फासे मिळणारा वार, इथे आणि पुढेही हिशेबात घेतलेला नाही.) आता आर्मर क्लास १० करा आणि प्रत्येक वारातून ३ वजा करा. वार ८० टक्के वेळा लागतो, पण ४.५ च पोचतात, सरासरी ३.६. जवळजवळ तेच.

हाच हिशेब सुरीवाल्या चोरट्याचा करा : बोनस +४, डॅमेज १डी४+२. जुन्या नियमात त्याचे फेरीला सरासरी २ होतात, नव्यात (लागलेल्या वाराचं किमान १ धरून) १.३. आणि ओगरचा (एक धिप्पाड राक्षस) करा : +६, २डी८+४. त्याचे ७.१५ वरून ८.५ होतात. बदलाची खरी मेख इथे आहे. वजाबाकी केली की किरकोळ शत्रू आणखी किरकोळ होतात आणि धिप्पाड शत्रू आणखी जीवघेणे. सहा चोरट्यांनी बोळात घेरलंय, हा प्रसंग तुमच्या कथेत वारंवार येत असेल तर त्यातली भीतीच निघून जाईल. तशा मोहिमेत मी तरी हा बदल करणार नाही. शत्रू थोडे आणि मोठे असतील तर जरूर करा.

करायचाच असेल तर असा करा. आर्मर क्लासचा पाया सगळ्यांना १०. चामड्याचं चिलखत १ वजा करतं, कड्यांचं ३, पूर्ण पोलादी पत्र्यांचं ४. पत्र्यांना ५ द्यायचा मोह होतो, पण वरच्याच हल्लेखोरापुढे आर्मर क्लास १८ ची किंमत फेरीला ३.० डॅमेज आहे. ४ वजा केले की २.९ येतात, ५ केले की २.३. चपळाईचा बोनस चामड्यावर पूर्ण द्या, कड्या आणि पत्र्यांवर शून्य. ढालीचे +२ आर्मर क्लासमध्येच राहू द्या. ढाल वार अडवते, घाव शोषत नाही.

लागलेल्या वाराचं किमान १ डॅमेज झालंच पाहिजे. हा नियम विसरलात तर सुरी आणि गोफण वापरणारा खेळाडू तीन तास नुसता बसून राहतो. क्रिटिकलला सगळे फासे टाका, बेरीज करा, मग चिलखत एकदाच वजा करा. रेझिस्टन्सने (एखाद्या प्रकारचं डॅमेज निम्मंच लागण्याचा गुण) निम्मं करायचं असेल तर आधी वजाबाकी, मग निम्मं. आग, विष, उंचावरून पडणं यांतून काहीही वजा करू नका. ‘हेवी आर्मर मास्टर’ ही फीट (पात्राला मिळणारं खास कौशल्य) खेळातून काढा, कारण ती आधीच ३ कमी करते. दोन्ही मिळून ६ झाले की तो खेळाडू साध्या शस्त्रांना दादच देत नाही.

दोन हातांत दोन हलकी शस्त्रं घेऊन लढणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण त्याच्या प्रत्येक वारातून वेगळे ३ जातात. गटात असा कोणी असेल तर आधी त्याला विचारा.

प्रश्न : १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, त्यावर घरचा खेळ बेतलाय. पात्रांना १० ते १४ हिट पॉइंट (किती डॅमेज सोसता येईल तो आकडा) आहेत. पट्टा (लांब पात्याची तलवार), कट्यार, गुर्ज (गदेसारखं शस्त्र), तोड्याची (वातीने डागायची) बंदूक या सगळ्यांपुढे चिलखत सारखंच धरायचं का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : सारखं धरू नका, तुमच्या खेळाची गंमतच त्यात आहे. कड्यांचं चिलखत कापणारी धार उत्तम अडवतं. गुर्जाचा मार कड्या न तुटताही आतल्या हाडापर्यंत जातो. कट्यारीचं टोक अनेकदा मुद्दाम जाड केलेलं असतं, ते कड्या फाकवून आत शिरावं म्हणून. जवळून मारलेल्या गोळीपुढे कड्या टिकत नाहीत.

प्रत्येक शस्त्रासाठी तक्ता करू नका, टेबलावर कोणी तो उघडत नाही. एक आकडा आणि एक सवलत पुरते : धारेपुढे ४, टोक आणि गुर्जापुढे २, तीस पावलांच्या आतल्या गोळीपुढे ०, त्यापलीकडे २. गोळीला २डी६ द्या, पण बंदूक पुन्हा भरायला किमान अर्धं मिनिट, म्हणजे सहा सेकंदांच्या पाच फेऱ्या लावा. नाहीतर पट्टा कोणी हातात घेणार नाही.

‘गर्प्स’ (१९८६) या खेळातली युक्तीही उपयोगी आहे. तिथे आधी चिलखत वजा होतं आणि उरलेलं डॅमेज कापल्यास दीडपट, भोसकल्यास दुप्पट धरतात. ती वरच्या आकड्यांवर लावून पाहा. ६ चा पट्ट्याचा वार : ६ वजा ४, उरले २, झाले ३. ६ ची कट्यार : ६ वजा २, उरले ४, झाले ८. तुमच्या हिट पॉइंटमध्ये ८ फार होतात, म्हणून हे गुणाकार घेणार असाल तर कट्यारीला १डी४ पेक्षा मोठा फासा देऊ नका.

चारआइना घालणारं पात्र असेल तर वार कुठे लागला हे पाहावं लागेल, कारण ते चार पोलादी पत्रे छाती, पाठ आणि दोन्ही कुशीच झाकतात. ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) त्यासाठी शरीराचे सात भाग करतो. तुम्हाला डी६ पुरेल : १ ते ३ धड, ४ हात, ५ पाय, ६ डोकं. धडावर चारआइन्याचे आणखी २ वजा करा. डोक्यावर शिरस्त्राण नसेल तर काहीच नाही.

प्रश्न : ठरावीक आकड्याऐवजी चिलखताचाही फासा टाकला तर? शेवटी ट्रेन गाठायची असते, खेळ लांबायला नको.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : हल्लेखोर डॅमेजचा फासा टाकतो त्याच क्षणी समोरच्याने वेगळ्या रंगाचा चिलखताचा फासा टाकायचा, मग वेळ वाढत नाही. फासा मात्र जपून निवडा. १डी६ डॅमेजसमोर १डी६ चिलखत ठेवलं तर ३६ पैकी २१ वेळा, म्हणजे ५८ टक्के, काहीच होत नाही आणि लढाई रेंगाळते. १डी४ ठेवलं तर हेच ४२ टक्के होतं, १डी८ च्या तलवारीपुढे ३१. म्हणून भारी चिलखतालाही डी४ च द्या आणि हलक्याला डी४ टाकून निम्मा, वरच्या आकड्याला पूर्ण करून.