मॅमोग्राफीवर कॉम्प्युटरने खूण केली, म्हणजे कॅन्सरच का?

‘मॅडम, कॉम्प्युटरने त्रिकोण काढलाय. म्हणजे आता काही खरं नाही ना?’ पन्नाशीच्या शिक्षिका होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, रिपोर्टवर ‘बायरॅड्स 0’ होतं; बायरॅड्स म्हणजे तपासणीचा निष्कर्ष आकड्यात सांगायची पद्धत. शून्य म्हणजे आशाच संपली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि घरी चकार शब्द काढला नव्हता.

0 चा अर्थ इतकाच, की तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. परत बोलावलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो. हे त्यांना केंद्रातच कुणी दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं. रिपोर्ट नुसता हातात ठेवणं मला पटत नाही.

खुणेचंही तसंच. सॉफ्टवेअर फोटोतले पांढरे ठिपके, त्यांचे पुंजके, दाट सावल्या हुडकतं आणि रेडिओलॉजिस्टला सांगतं, इथे पुन्हा बघा. निदान करणं त्याचं काम नाही. अमेरिकेत 1998 मध्ये अशा पहिल्या प्रणालीला मान्यता मिळाली. ती जुनी सॉफ्टवेअरं निरुपद्रवी जागांवरही भरमसाट खुणा करत. आताची एआय प्रणाली बरीच सुधारली आहे. स्वीडनमधल्या 80 हजारांहून अधिक बायकांच्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. एआयच्या मदतीने हजारी 6 कॅन्सर सापडले, नेहमीच्या पद्धतीने 5. तिथेही कुणाला परत बोलवायचं हे डॉक्टरच ठरवत होते.

‘मग पुढचा फोटो काढायलाच हवा का?’ हवाच. इथे मी जराही सूट दिली नाही. भीतीपोटी ही पायरी टाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. जुनी मॅमोग्राफीही शोधून आणायला सांगितली, कारण ठिपके नवे की जुने हे त्यावरून कळतं.

त्या धाकट्या जावेला घेऊन आल्या. मोठ्या केलेल्या फोटोत ते ठिपके रेल्वेच्या रुळांसारखे दोन समांतर रेषांत दिसले: रक्तवाहिनीच्या भिंतीतलं कॅल्शियम. जुन्या फिल्मवरही ते पुसटसं होतं. रिपोर्ट बदलून ‘बायरॅड्स 2’ झाला, म्हणजे निरुपद्रवी. अशा कॅल्शियमचा हृदयविकाराशी संबंध आढळतो, म्हणून बीपी, साखर तपासायला मात्र सांगितलं.

निघताना जावेने विचारलं, ‘आणि खूण नसेल तर निर्धास्त राहायचं?’ नाही. दाट स्तनांमध्ये गाठ फोटोत लपू शकते. हाताला गाठ लागली, कातडी ओढली गेली, स्तनाग्रातून रक्त आलं, तर रिपोर्ट कितीही स्वच्छ असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.